बाबल मेस्तची भिंत

शिगम्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी, मोप्याच्या कातळी सड्यावर, बांधून झालेल्या पण वाहतुकीला अजून न उघडलेल्या रस्त्यावर, बाबल मेस्तने स्वतः बांधलेल्या गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं. गाडी रस्ता सोडून चिऱ्यांच्या ढिगावर आदळली. मेस्तच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. आमच्या दैनिकात ही बातमी चार ओळींत आली. ती मी लिहिली होती.

मेस्त त्या अपघातात गेला नाही. तो पुढच्या वर्षी गेला, आणि त्याचं कारण कावीळ होतं.

आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात. बाबल मेस्त मूळचा डिचोलीचा. खाणी चालू होत्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे हौदे तो बांधायचा आणि फाटलेले हौदे जोडायचा. खाणी बंद पडल्यावर पेडण्याहून मोप्याला जाणाऱ्या रस्त्याला, बायकोच्या माहेरच्या जागेत, त्याने पत्र्यांची शेड घातली. मागे दोन खोल्यांचं घर. शेडसमोर रस्त्यापलीकडे आम्ही राहतो. त्यामुळे तो मला रोज दिसायचा, आणि त्याहून जास्त ऐकू यायचा.

तो बुटका, खांद्यांनी रुंद होता. वेल्डिंगच्या उजेडाने पापण्यांचे केस कधीच झडले होते. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. आवाज बारीक. तो कधी ओरडला नाही. शेडमध्ये कोणाची फजिती चालली असेल तर बाहेर त्याचा आवाज येत नसे; यंत्रं बंद झालेली कळत आणि मग लोक हसलेले ऐकू येत.

यंत्रं बंद करण्याचं कारण एक चाचणी होती. शेडमध्ये काम मागायला आलेल्या प्रत्येकाला मेस्त नळीचे दोन तुकडे देई आणि ते जोडायला सांगे. जोड थंड झाला की त्याच माणसाच्या हातात करवत देई.

"तुझां तूच काप."

जोड मधोमध कापला की आतलं दिसतं: धातू खरोखर एकजीव झालाय की वरून नुसती साय धरलीय. सगळे काम थांबवून जमत. जोड चांगला निघाला तर मेस्त काही न बोलता तो भंगाराच्या पिंपात टाकी. वाईट निघाला तर मागच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगी. खाली खडूने नाव. "बरां काम भंगारात, वायट काम भिंतीर," असं तो म्हणे. त्या भिंतीवर चांगल्या कामाचा एकही नमुना नव्हता.

बेळगावकडचा एक वेल्डर आला होता. पन्नाशीचा, पुलांच्या कामांवर आयुष्य काढलेला, तसं त्याने आल्या आल्या सांगितलं. त्याने जोड दिला, स्वतः कापला. आत काळं भोक निघालं. मेस्तने तुकडा उजेडाकडे धरला.

"खंयच्या पुलाचां काम केलंस?"

माणसाने करवत बाकावर ठेवली.

"नाव सांग मरे. त्या वाटेन जावक नको."

लोक हसले. तो माणूस जेवणाच्या सुट्टीआधीच निघून गेला. डबा नेला नाही. दुसऱ्या दिवशीही डबा तिथेच होता. मेस्तने तो घासून घेतला आणि त्यात बोल्ट ठेवायला सुरुवात केली.

भिंतीसोबत दुसरी एक पद्धत होती. कामावर घेतलेल्या प्रत्येकाची एक खूण ठरलेली असे. जोड पूर्ण झाला की शेजारी टोकदार पोलादी पंच ठेवून हातोडीने ठिपके मारायचे. कापण्या-रंगवण्याचं काम करणाऱ्या उत्तमचा एक ठिपका, शिवाजीचे दोन. खूण आधी, रंग मागाहून. रंगाचा हात फिरला तरी ठिपका खळगीसारखा दिसत राहतो. मेस्त स्वतः खूण करत नसे. "ज्याचेर खूण नाय ता माझां. इतक्यां कळाक जाय."

गाडीची कल्पना त्याच्या डोक्यात कधी आली ते माहीत नाही. मला त्याने एवढंच सांगितलं की आयुष्यभर हौदे बांधले. "जड कोणय बांधता. जड बांधता तो भियेलो समजायचो." त्याला अशी गाडी करायची होती की जिचा नुसता सांगाडा दोन माणसांनी उचलावा. एका माणसापुरती, दारं नाहीत, छप्पर नाही. अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन त्याने मिळवलं होतं. सांगाडा इंचभर जाडीच्या, पातळ भिंतीच्या पोलादी नळ्यांचा. प्रत्येक नळीचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं घासायचं, म्हणजे ते दुसऱ्या नळीच्या अंगावर चपखल बसतं. बसवलेलं टोक मेस्त डोळ्यासमोर धरी. फटीतून उजेड दिसला की नळी बाहेर अंगणात.

आडव्या-तिरक्या एवढ्या नळ्या कशाला, असं मी विचारलं होतं. त्याने झाडूतले चार हीर काढून दोऱ्याने चौकोन बांधला आणि बोटाने ढकलला. चौकोन लवंडला. मग एक हीर तिरका बांधला आणि पुन्हा ढकललं. हलला नाही. "आता लिही," म्हणाला. "आणि माझां नाव चुकू नको. तुमच्या पेपरात मेल्या माणसाचांय नाव चुकता."

गावाने गाडीला पांजरो, म्हणजे पिंजरा, म्हणायला सुरुवात केली. रस्त्याने जाणारा एक जण थांबून म्हणाला, "मेस्ता, कोंबे केन्ना घालतलो?"

मेस्त हातातलं काम न थांबवता बोलला. "बापूस तुजो खाटीर पडून आसा मा? आधी तेका घाल. निदान मरूच्या आधी धांवतलो."

तो माणूस पुन्हा त्या बाजूने चालताना मला दिसला नाही.

काजूच्या बिया तोलायचा एक जुना काटा मेस्तने शेडच्या दारात ठेवला होता. गाडीवर चढणारी प्रत्येक वस्तू आधी त्यावर चढे. बोल्टसुद्धा मधून पोखरून घेतले जात. वजनाचा हा नाद वस्तूंपुरता राहिला नाही. एकदा त्याची बायको सुमती चहा घेऊन आली. अंगाने जाड, गुडघ्यांनी अधू. मेस्तने तिला काट्यावर उभं राहायला सांगितलं. ती ट्रे हातात घेऊनच उभी राहिली. त्याने वाकून आकडा पाहिला.

"अर्दी गाडी चलत इली," तो म्हणाला.

उत्तम हसला. मीही तिथे होतो. सुमतीने ट्रे बाकावर ठेवला.

"तुमच्या गाडयेत बसूक माणूस लागतलो मा?" ती म्हणाली. "की तोय कापून हलको करतल्यात?"

"तू बसू नको म्हणजे झाला."

ती आत गेली. चहा नेहमीसारखा सगळ्यांना मिळाला.

शिवाजी चंदगडकडचा. विमानतळाच्या बांधकामावर लोखंड जोडायला आला आणि काम संपल्यावर राहिला. तिशी ओलांडलेली. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, भाड्याची एक खोली. त्याने दिलेला चाचणीचा जोड कापला तेव्हा आत डाग नव्हता. मेस्तने तो पिंपात टाकला आणि दुसऱ्या दिवशीपासून सांगाड्याचं काम त्याच्याकडे दिलं. त्यानंतर सांगाड्यावरचा जवळजवळ प्रत्येक जोड दोन ठिपक्यांचा होता. त्याबद्दल मेस्त कधी चांगलं बोलला नाही. शिवाजीला तो "देसाक" म्हणे, म्हणजे घाटावरचा. "देसाका, हात कसो चलता तुजो? ऊस तोडून बरो झालो काय?"

"व्हय मेस्त," शिवाजी म्हणे.

सांगाडा पुरा झाला तेव्हा एका टोकाला मेस्त आणि दुसऱ्या टोकाला शिवाजी उभे राहिले आणि त्यांनी तो उचलला. उचलून अंगणात नेला, विहिरीला एक फेरी घातली आणि परत आणून ठेवला. सुमती दारात उभी होती. मेस्तचा चेहरा मी पाहत होतो. "पीस," असं तो म्हणाला. मी त्याला ओळखत होतो त्या काळात कोणत्याही वस्तूला त्याने दिलेला एवढाच एक चांगला शब्द.

शिवाजीला वास्कोला जायचं होतं. तिथल्या गोदीत जहाजांच्या दुरुस्तीला वेल्डर पुरवणारा एक ठेकेदार मेस्तला खाणींच्या दिवसांपासून ओळखत होता. कायमचं काम, राहायला जागा, मुलीला तिथेच शाळा. ठेकेदाराने परीक्षा घ्यायचीही गरज ठेवली नव्हती. मेस्तने हो म्हणावं, एवढंच. डिचोलीपासून वास्कोपर्यंत या धंद्यात मेस्तचं हो चालत असे.

"मेस्त, तुमी एक शबुद टाकला तर बरं हुईल."

"गाडी धांवली की टाकतंय."

"कवा धावंल?"

"तू बरां जोडशीत तेव्हा."

शिवाजी शेडमध्येच राहिला.

चतुर्थीत शेड रिकामी झाली. शिवाजी गावी गेला, उत्तम मोरजीला घरी. त्याच दिवसांत मेस्तच्या लक्षात आलं की पुढचं डावं चाक वळवताना नळीला घासतंय. चाकाचा आस ज्या जाड पट्टीच्या तुकड्याला टांगलेला असतो, त्याला शेडमध्ये कान म्हणत. तो कान बोटभर सरकवायला हवा होता. पातळ नळीला जाड पट्टी जोडायची तर जोड आर्गॉन वायूच्या आवरणाखाली द्यावा लागतो. सिलिंडर रिकामा होता. आमच्याकडे चतुर्थीला माणसं घरी असतात आणि दुकानं बंद. गॅसवालाही त्याच्या गणपतीपुढे बसलेला. मेस्तकडे गणपती होता, आरती सुमती आणि तिचा भाऊ करत. मेस्तने कान कापला, सरकवला आणि पावसाळ्यात दमट झालेल्या साध्या रॉडने जोडला. मोरजीहून नेवऱ्या, आमच्याकडच्या करंज्या, घेऊन आलेल्या उत्तमने ते पाहिलं.

"मेस्ता, सणाक तरी..."

"सण लोकांचो. काम माझां."

पुढचं उत्तमनेच मला सांगितलं. शिवाजी गावाहून परतला आणि पहिल्याच दिवशी त्याला कान सरकलेला दिसला. खूण नव्हती.

"मेस्त, ह्यो कुणी जोडला?"

"गणपतीन."

शिवाजीने जोडावरून अंगठा फिरवला. "कापू या मेस्त. गॅस आलाय. मी परत जोडतो."

"माझां काम कापतलो तो अजून जल्माक येवचो आसा."

"तसाच दुसरा तुकडा जोडून बगू. त्यो कापू."

मेस्तने भिंतीवरची करवत काढून त्याच्या हातात दिली. "ह्योच काप. आणि वास्कोचां विसर."

शिवाजी करवत धरून उभा राहिला. मग त्याने ती पुन्हा भिंतीला लावली. मेस्तने जोड घासून गुळगुळीत केला आणि उत्तमने त्यावर करडा रंग मारला. रंग मारताना कानावर एकही ठिपका नव्हता, असं उत्तम सांगतो.

त्या रविवारी सड्यावर आम्ही सहा-सात जण होतो. सुमतीने नारळ आणि अबोलीचा हार आणला होता. नारळ फोडला. तिने गाडीच्या नाकावर हार घातला तो मेस्तने काढला. "देवाक सांग, वजन वाढता." हार हातात घेऊन तो क्षणभर थांबला, मग तिच्याच गळ्यात टाकला. "जड वस्तूर आसूं दी." गावातल्या काही जणांनी पुढे अपघाताचा संबंध या हाराशी लावला. तो मी बातमीत घेतला नाही.

गाडी पहिल्या फेरीत सरळ गेली आणि परत आली. शिवाजी उत्तमला म्हणाला, "धावली." दुसऱ्या फेरीत मेस्तने वळणावर वेग कमी केला नाही. डावं चाक आत दुमडलं, सुटलं, रस्ता ओलांडून काजूच्या झाडांत गेलं. गाडी चिऱ्यांवर आदळून आडवी झाली.

सांगाडा कुठेही वाकला नव्हता. एकही जोड उघडला नव्हता. ज्या नळ्या मेस्तच्या डोक्यावरून गेल्या होत्या त्यांनी गाडीचं वजन पेललं. नाहीतर मी चार ओळी लिहिल्या नसत्या, आठ लिहिल्या असत्या. कान मात्र नळीवरून साल सोलावी तसा सुटून आला होता. जोड नळीत शिरलाच नव्हता.

शिवाजीने आणि उत्तमने त्याला बाहेर काढलं. पिकअपच्या हौद्यात इस्पितळापर्यंत शिवाजी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता. पिकअप सुरू व्हायच्या आधी मेस्त उत्तमला म्हणाला, "कान सोधून हाड." उत्तमने चिऱ्यांतून तो शोधून आणला. मेस्तने तो शर्टात घातला.

इस्पितळातून घरी आल्यावर बराच काळ मेस्तचा पाय वर बांधलेला होता. कान त्याच्या खाटेखाली होता. कुबड्यांवर उभं राहता आलं त्या दिवशी तो शेडमध्ये आला, उत्तमकडून एक खिळा ठोकून घेतला आणि कान टांगला. नाव लिहिलं नाही. कानावर दोन ठिपके होते.

"तू काही बोलला नाहीस?" असं मी उत्तमला नंतर विचारलं.

"भिंतीर माजेय तीन आसत," तो म्हणाला.

त्या आठवड्यात वास्कोचा ठेकेदार मेस्तला बघायला आला. केळी घेऊन आला होता. मीही मेस्तची विचारपूस करायला गेलो होतो, त्यामुळे हे मी पाहिलं. शिवाजी मागे गेटाचं काम करत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर ठेकेदाराने शिवाजीला न्यायचा विषय काढला. "तुजो तो चंदगडी खंय? व्हरू काय मगे तेका?"

मेस्तने कुबडी उचलून भिंतीकडे केली.

ठेकेदार त्या शेडमध्ये पूर्वी आलेला होता. भिंतीचा अर्थ त्याला ठाऊक होता. तो उठून जवळ गेला, मान वर करून कान पाहिला.

"हो चाकाचो? त्या दिसाचो?"

"हूं."

"दोन ठिपके कोणाचे?"

मेस्त शिवाजीच्या हातांकडे बघत राहिला. ठेकेदारानेही तिकडे पाहिलं.

"बरां," ठेकेदार म्हणाला. चहा पिऊन तो गेला. शिवाजीशी बोलला नाही.

ठेकेदाराच्या गाडीचा आवाज दूर गेल्यावर शिवाजी पुढे आला. त्याने खिळ्यावरून कान काढला, दारापाशी उजेडात नेला आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"मेस्त, ह्ये माझं न्हाई."

"भिंतीर आसा."

"तुमाला म्हाईत हाय."

"माका काय म्हाईत आसा ता सोड. वास्कोवाल्याक काय म्हाईत झाला ता बघ."

शिवाजी भिंतीपाशी गेला आणि कान जिथून काढला त्याच खिळ्याला अडकवला. मग स्वतःचा वेल्डिंगचा मुखवटा घेतला आणि निघाला. दारातल्या काट्यावरून त्याचा पाय पडला. काटा हलला आणि पुन्हा शून्यावर आला.

महिन्याअखेरीस त्यांनी खोली सोडली. तो गोकाककडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडतो, अशी उत्तमची माहिती. मी एकदा फोन केला. त्याने उचलला, माझं नाव ऐकलं आणि ठेवला.

शेडमधलं काम नंतर कमी होत गेलं. मेस्तला उभं राहून काम जमत नव्हतं आणि बसून काम करणाऱ्यांना तो पूर्वी जे बोलत असे ते लोकांच्या लक्षात होतं. गाडी तीन चाकांवर मागच्या कोपऱ्यात होती. सुमतीच्या कोंबड्या तिच्यात बसू लागल्या. पहिल्यांदा मेस्तने त्यांना कुबडीने हुसकावलं. मग सोडून दिलं.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, आमच्या बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या ओसरीतून. अंग पिवळं पडलेलं. तो कुबड्या भिंतीला लावून काजूच्या काट्यावर चढला होता. वाकून आकडा बघणं जमत नव्हतं, म्हणून सुमती वाकली होती.

"किती?"

तिने सांगितलं.

"आता बसूक जाता गाडयेत," तो म्हणाला.

"कोंबयो उठोवच्यो पडतल्यो," ती म्हणाली आणि त्याला धरून खाली उतरवलं.

चतुर्थीच्या आधी तो वारला. डिचोलीहून भाऊबंद आले आणि त्याला तिकडेच नेलं. दिवसकार्य झाल्यावर सुमती परत आली आणि तिने भंगारवाल्याला बोलावलं. आधी गाडी दिली. सांगाडा दोन माणसांनी उचलून टेम्पोत ठेवला. भिंतीवरचे तुकडे तिने स्वतः काढले आणि गोणीत भरले. कान तेवढा बाजूला ठेवला होता. मला हाक मारून तिने तो माझ्या हातात दिला.

"पंच आनी हातोडी माज्याकडसून मागून घेतली," ती म्हणाली. "पाय वर बांधलेलो. एका हातान धरूक येय ना. मियां धरलां."

मी कान उजेडात नेला. जोडापासून टोकापर्यंत उत्तमने मारलेला करडा रंग शाबूत होता. दोन्ही ठिपक्यांत रंग नव्हता.